बाजाराच्या दिवशीची गोळी

नूतन दुधे आमच्या दवाखान्यात आली तेव्हा तिचा पांढरा ॲप्रन इतका मोठा होता, का मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "काऊन बाई, याच्यात एकटीच आली का गाव घेऊन आली?" बाकीचे चार शिकाऊ फिदीफिदी हासले. ती नाई हासली. म्हणे, "सर, टेलरनं मुद्दाम मोठा शिवला. नोकरी लागली का अंग धरशील म्हणे." मले राग आला. माझ्या थट्टेले कोणी सरळ उत्तर दिलेलं मले खपत नाई.

मी श्रीहरी गुरनुले. ब्रह्मपुरीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एकतीस वर्षांपासून औषधाच्या खिडकीवर आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाई, सांगून आता कोणाचं भलं होणार आहे? फार्मसी पास झालेली पोरं आमच्याकडे सहा महिन्यांच्या रोटेशनवर येतात. एक महिना स्टोअर, दोन महिने खिडकी, दोन महिने वॉर्डात डॉक्टरांच्या मागं, शेवटचा महिना खेड्यातल्या शिबिरात. प्रत्येकाचं एक लॉगबुक असते. त्याच्या शेवटच्या पानावर प्रशिक्षकाचा शेरा आणि सही. शेरा चांगला तर प्रमाणपत्र, नाईतर सहा महिने पाण्यात. आणि प्रशिक्षक म्हणजे मी.

नूतनचं नाव गोंडपिपरीच्या एका दवाखान्याच्या निवड यादीत पहिलं लागलं होतं. अट एकच, नोव्हेंबरच्या तीस तारखेपर्यंत रोटेशनचं प्रमाणपत्र आणून द्यायचं. नाई दिलं तर दुसऱ्या नंबरवाल्याले जागा. हे तिनं मले पहिल्याच आठवड्यात सांगतलं होतं, आणि दर महिन्याले लॉगबुक घेऊन आली का डोळ्यांनीच पुन्हा सांगत होती.

तिचं घर सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात. बाप ती सातवीत असतानाच गेला. माय रुखमाबाई अंगणवाडीत मदतनीस, गावच्या लेकरायची खिचडी शिजवून शिजवून तिनं एका पोरीले फार्मसीपर्यंत पोहोचवलं. नूतन सकाळी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून यायची, कधी मागच्या फळीवर लटकून. इंग्रजी बोलताना अडखळायची, म्हणून बाकीचे तिची नक्कल करत. पण औषधाच्या मात्रेत तिचा हात धरणारा एकही नव्हता. एकदा एका चिठ्ठीवर दोन गोळ्या अशा आल्या, का दोन्ही पोटात गेल्या असत्या तर माणूस आडवा झाला असता. माझ्या नजरेतून सुटलं होतं. ती हळूच मागून आली, "सर, एकदा पाहता काय?" मी तिच्यावर खेकसलो, "तू मले शिकवशील?" मंग आत जाऊन डॉक्टरले फोन केला आणि ती चूक मी पकडली म्हणून सांगतलं. डॉक्टर म्हणाले, शाबास श्रीहरी. मी घेतली शाबासकी. काऊन नाई घेणार?

आता मी काय शिकवत होतो, ते ऐका. ही पोरं कॉलेजातून येतात तेव्हा गोळीचं कूळमूळ यायले तोंडपाठ असते, पण म्हातारीले "रिकाम्या पोटी घ्या" म्हटलं आणि म्हातारीनं विचारलं का "चहा चालते काय?", का हे एकमेकांचं तोंड पाहतात. मी सांगत होतो, अरे भैताडहो, रिकाम्या पोटी म्हणू नका, चूल पेटवायच्या आधी म्हणा. झोपताना म्हणू नका, कवाड लावलं का म्हणा. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असली तर आठवडा हा शब्दच काढू नका. आठवडा कोण मोजते इथी? बाजाराच्या दिवशी म्हणा. माणूस बायकोचं नाव विसरेल, गावचा बाजार विसरणार नाई.

हा माझा शोध. याच्यासाठी ट्रस्टनं मले शाल दिली होती, पेपरात चार ओळी आल्या होत्या. नूतननं हे सगळं खिशातल्या छोट्या डायरीत उतरवून घेतलं आणि खिडकीवर तसंच्या तसं बोलू लागली. म्हातारे तिलेच शोधत येऊ लागले. "ती ढगळ्या झग्याची पोरगी कुठी गेली?" म्हणून मलेच विचारत.

ऑगस्टच्या शेवटी बुधरीबाई आली. साठीच्या पुढची, गोंडाची बाई, हाताची बोटं वाकडी झालेली. शिंदीच्या झाडण्या बांधून आणि चिंच विकून जगत होती. आमवात. डॉक्टरनं मेथोट्रेक्सेट लिहून देली होती, एक गोळी, आठवड्यातून एकदाच. ही गोळी सांध्यांची सूज उतरवते, पण रोज घेतली तर अंगात रक्त बनणंच बंद पाडते. फार्मसीच्या पोरायले हे पहिल्या वर्षापासून घोकवतात.

नूतन एका महिन्याच्या चार गोळ्या मोजत होती. मी मागून म्हटलं, "लांबून येते ते, दोन महिन्यांच्या देऊन टाक. गर्दी कमी कर." तिनं माझ्याकडं पाह्यलं, "सर, पहिलीच वेळ आहे त्यायची." मी म्हटलं, "देऊन टाक म्हटलं ना!" तिनं आठ गोळ्या देल्या. पाकिटावर आठवड्यातून एकदा असं लिहिलं, पण बुधरीबाईले अक्षर येत नव्हतं. म्हणून नूतननं तिचे हात हातात घेतले आणि माझाच शब्द सांगतला, "आजी, फक्त बाजाराच्या दिवशी. समजलं?" बुधरीबाई म्हणाली, "समजलं माय. बाजाराच्या दिवशी." मी मागं उभा होतो. मान डोलावली. दुसऱ्या दिवशी लॉगबुकात लिहिलं, स्थानिक भाषेत उत्तम समजावते.

सप्टेंबर लागला आणि नूतनची वॉर्डात बदली झाली. नवव्या-दहाव्या दिवशी बुधरीबाई खिडकीवर आली. तोंड आतून सोललेलं, बोलता येईना. कशीबशी म्हणाली, "साहेब, तोंड आलं. आणि त्या गोळ्याबी सरल्या." माझ्यासमोर पन्नास माणसांची रांग. मी म्हटलं, "सरल्या कशा? दोन महिन्यांच्या होत्या. नातवायनं खेळल्या काय? आणि तंबाखूचा खर्रा खाणं सोड, तोंड नाई येणार तर काय होईल!" तोंडाले लावायचं मलम हातावर टेकवलं आणि म्हटलं, पुढं चला.

बाई म्हणाली का गोळ्या सरल्या. मी ऐकलं. एकतीस वर्षं ज्या कामाची भाकर खाल्ली, त्या कामातला पहिला प्रश्न मी विचारला नाई.

तीन दिवसांनी तिचा पोरगा जंगू तिले उचलूनच वॉर्डात घेऊन आला. ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल चट्टे. वॉर्डाच्या डॉ. ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, डेंग्यू असन, नाईतर मलेरिया. त्या दिवसांत आमच्याकडं अर्धा वॉर्ड त्याचाच असते. पण दोन्हीचे रिपोर्ट कोरे आले आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर नावालेच राहिल्या होत्या. मी त्या दिवशी शिकाऊ पोरायले घेऊन राउंडमध्ये होतो. वॉर्डातल्या शिकाऊचं काम असते पेशंटजवळ बसून कोणती औषधं घेतली, कशी घेतली, हे सगळं विचारायचं. नूतन खाली वाकली.

"आजी, ते हाताची गोळी घेता ना?"

"घेतली न माय. सरली."

"सरली? आठ होत्या. कोण्या दिवशी घेतल्या?"

"तूच तर सांगतलं होतं. बाजाराच्या दिवशी."

आता पाहा, मी असतो तर इथीच थांबलो असतो. उत्तर बरोबर होतं. पण त्या पोरीनं विचारलं, "कोणता बाजार, आजी?"

बुधरीबाईनं वाकडी बोटं एकेक करून मिटली. सोमवारी आमच्या गावचा. मंगळवारी नदीपल्याडचा. बुधवारी मोठ्या रस्त्यावरचा. असं करत करत ऐतवारपर्यंत आली. झाडण्या विकणारी बाई ती, रोज एका गावच्या बाजारात बसत होती. तिच्या आयुष्यात बाजाराचा नाई असा दिवसच नव्हता. आणि वरून म्हणाली, "एकबी बाजार नाई सोडला माय." तिले वाटलं, आता आपल्याले कोणी शाबास म्हणेल.

नूतन उभी राहिली. "मॅडम, हे मेथोट्रेक्सेट आहे. आठवड्याची गोळी रोज घेतली, आठ दिवस. मीच देली होती."

मॅडम ओरडल्या, उताऱ्याचं इंजेक्शन आणा. आमच्या स्टोअरमध्ये ते नव्हतं. वर्षभर खपलं नाई म्हणून मीच यादीतून काटलं होतं. चंद्रपुरावरून यायले दुसरा दिवस उजाडला. इंजेक्शन लागलं, पण फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बुधरीबाई गेली. जंगूनं कोणाले शिवी देली नाई. आईले चादरीत गुंडाळलं आणि विचारलं, "इथी कुठी अंगठा लावाचा?"

त्याच दुपारी मी नूतनले स्टोअरमध्ये बोलावलं आणि कवाड लोटलं. माझं डोकं फिरलं होतं.

"अवं बयाड, काऊन सांगतलं? डेंग्यूच लिहिलं असतं ना मॅडमनं!"

"सर, नाई सांगतलं असतं तर औषधबी डेंग्यूचंच देलं असतं."

"मंग? मेलीच ना शेवटी?"

"मेली सर." ती खाली पाहत होती. "पण तिच्या पोराले खरं कळाले पाह्यजे होतं." मंग म्हणाली, "आजी म्हणत होती, तोंड आलं तेव्हा ते खिडकीवर आली होती. मोठ्या साहेबानं मलम देलं म्हणे."

या पोरीजवळ माझे सगळे पत्ते होते. शब्द माझा, दोन महिन्यांच्या गोळ्या माझ्या, मलम माझं, यादीतून काटलेलं इंजेक्शन माझं. तिनं नुसतं तोंड उघडलं असतं, तर माझी शाल, माझी खुर्ची, एकतीस वर्षांचं नाव, सगळं मातीत गेलं असतं.

चौकशी चार दिवसांनी होती. आदल्या संध्याकाळी मी तिले बस स्टँडवर गाठलं, कॅन्टीनमध्ये बसवलं, चहा सांगतला. मी तिच्याशी इतकं गोड कधीच बोललो नव्हतो. म्हटलं, "पोरी, तू शिकाऊ आहे. शिकाऊची चूक लोक माफ करतात. माझी नाई करणार. उद्या विचारलं, बाजाराचा दिवस हे कोणी शिकवलं, तर म्हण मीच ठरवलं. मी खुर्चीवर राहिलो तर तुझ्या लॉगबुकावर सही करणारा कोणी तरी राहील. मीच गेलो, तर तुले प्रमाणपत्र कोण देईल? तुझी गोंडपिपरी गेली म्हणून समज."

तिनं चहाचा कप बाजूले सारला. मंग विचारलं, "सर, सही कराल ना?"

"शब्द देतो," मी म्हटलं.

चौकशीत आमचे मोठे डॉक्टर होते आणि ट्रस्टची दोन माणसं. त्यांनी विचारलं, हे बाजाराच्या दिवशीचं कोणी शिकवलं? मी समोरच बसलो होतो. नूतननं एकदाही माझ्याकडं पाह्यलं नाई. म्हणाली, "माझंच ठरवलं होतं. आमच्या गावात आठवड्यातून एकच बाजार भरते, म्हणून मले वाटलं." आणि दोन महिन्यांच्या गोळ्या? "मीच देल्या." इंजेक्शनाचं कोणी विचारलंच नाई. ट्रस्टवाल्या एकानं, ज्यानं मले शाल देली होती त्यानंच, तिले सुनावलं, "श्रीहरीभाऊसारखा गुरू असून असं करता?" पेपरातल्या चार ओळी तो सोयीनं विसरला होता. मी मान खाली घातली. लोकायले वाटलं, गुरूले दुःख झालं.

निर्णय आला: चूक शिकाऊची. प्रमाणपत्राचा निर्णय प्रशिक्षकाच्या शेऱ्यावर सोडण्यात येत आहे.

ती सोडून गेली नाई. ऑक्टोबर वॉर्डात काढला. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. नर्सा तिच्या हातून गोळी घेतली तर दोनदा तपासत होत्या, तिच्या देखतच. ती स्वतःच म्हणायची, "ताई, आणखी एकदा पाहा." नोव्हेंबरात शिबिरात गेली. आता ती कोणालेच माझे शब्द वापरून सांगत नव्हती. प्रत्येकाले पहिले विचारायची, तुम्ही काय काम करता, दिवस कसा जाते, कुठी कुठी जाता. आणि मंग गोळी सांगायची. एका पेशंटले वीस-वीस मिनिटं. मी चिडून म्हटलं, "लग्न जुळवून राह्यली काय?" पण त्या महिन्यात तिच्या हातून गेलेली एक गोळी चुकली नाई. हे मले माहीत होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कोणालेच माहीत नव्हतं.

तीस तारखेच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मले केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "श्रीहरी, तुझी मर्जी. पण विचार कर. उद्या त्या जंगूनं तक्रार केली आणि कोणी विचारलं, हिला पास कोणी केलं, तर बोट तुझ्याकडं येईल. मंग सुरुवातीपासून सगळं उकरतील." बस, इतकंच बोलले. मले पुरेसं झालं.

रात्रभर झोपलो नाई, मले लय वाईट वाटलं, असं काही मी सांगणार नाई. जेवलो, झोपलो. सकाळी उठलो तेव्हा ठरलेलं होतं. तिनं आता खरं सांगतलं असतं तरी कोण ऐकणार? कबुली तर तिनं स्वतःच्या सहीनं देलेली होती. आणि ते मीच तिच्याकडून देववली होती.

दहा वाजता नूतन आली. ॲप्रन इस्त्री केलेला. गोंडपिपरीले पाच वाजेपर्यंत कागद द्यायचे होते, दुपारची गाडी धरायची होती. लॉगबुक माझ्यासमोर उघडून ठेवलं, शेवटचं पान. मी पेन काढला आणि इंग्रजीत लिहिलं, काम समाधानकारक नाही, रोटेशन पुन्हा करावे. खाली सही केली, तारीख टाकली, शिक्का मारला. सांगून राह्यलो ना, मी कसा माणूस आहे.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मले वाटलं आता ओरडेल, तोंडावर फेकून मारेल, आणि मारलं असतं तर मले बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "सर, तुम्ही शब्द देला होता." मी म्हटलं, "माझ्या हातात नव्हतं." हे वाक्य मी आयुष्यात किती तरी पेशंटच्या नातेवाईकायले बोललो असन. इतकं खोटं कधीच बोललो नव्हतो.

तितक्यात कवाडातून रुखमाबाई आत आल्या. मले माहीतच नव्हतं का मायबी संग आली आहे. पोरीले नोकरीवर पोहोचवाले म्हणून निघाल्या होत्या, हातात एक ट्रंक, अंगावर ठेवणीतलं पांढरं पातळ. चौकशीचं, बुधरीबाईचं, त्या माउलीले काहीच ठाऊक नव्हतं. पोरीनं घरी एक अक्षर सांगतलं नव्हतं.

"जयभीम सर. झाली काय सही?"

मी तोंड उघडायच्या आधी नूतन बोलली, "झाली माय."

रुखमाबाईनं लॉगबुक हातात घेतलं. इंग्रजी येत नव्हतं, पण शिक्का दिसत होता. माझ्या सहीवरून बोट फिरवलं. "आणि हे वरती काय लिहिलं सरानं?"

नूतननं माझ्याकडं पाह्यलं. चौकशीत नव्हतं पाह्यलं, ते आता पाह्यलं. म्हणाली, "चांगलं लिहिलं."

बाईच्या डोळ्याले पाणी आलं. पिशवीतून कागदाचा पुडा काढला. "सर, नव्या धानाचे पोहे आहेत. आमच्याकडं दुसरं काय असणार? बाप नाई पोरीले, तुम्हीच माणसात आणलं." आणि मी नको-नको म्हणेपर्यंत वाकून माझ्या पायाले हात लावला. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असन ते बाई.

मी पुडा घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

"पोरगी हुशार आहे तुमची, बाई," मी म्हटलं.